लांबची नेमणूक

कोलकात्यात डमडमच्या वाचनालयात ती माझ्या समोर बसायची. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिथे नाव कोणी विचारत नसे, कुठल्या भरतीची तयारी करतेस एवढंच विचारत. दोघीही बी.ए., पण माझं गणित कच्चं आणि तिचं पक्कं. नळ आणि टाकीच्या गणितात मी अडकले की ती पेन्सिलीच्या मागच्या टोकाने चूक दाखवायची आणि पुन्हा संत्रं सोलायला लागायची. तरीही दर वर्षी माझ्याबरोबर तीही नापास व्हायची.

एकदा मी हिंदीत विचारलं, "तुला सगळं येतं, मग अडतं कुठे?"

"येणारे प्रश्नसुद्धा सोडून येते," ती शांतपणे म्हणाली. "अभ्यास चालू आहे तोवर बाबा स्थळं बघत नाहीत. नोकरी लागली की लगेच लग्न."

मी बिचारी सगळे प्रश्न मनापासून सोडवून नापास होत होते.

मग भरतीची वयोमर्यादा जवळ आली, तेव्हा तिने एक पेपर पूर्ण सोडवला. अर्थातच पास झाली. काही महिन्यांनी ती संदेश या बंगाली मिठाईचा डबा घेऊन आली.

"लग्नाची?" मी विचारलं.

"नाही. सिलिगुडीची जागा मागून घेतली. बाबा म्हणतात, इतक्या लांब नोकरी करणाऱ्या मुलीला इथे कोण पसंत करणार?"

माझे बाबा बँकेत. बदलीचा हुकूम आला की आमच्या घरी सुतक असायचं. लांबच्या नेमणुकीची मिठाई मी पहिल्यांदाच खाल्ली.