पदरात बांधलेली गोळी

“काउंट कमी आहे, मोटिलिटीही कमी,” इंदिरानगरच्या डॉक्टरांनी माझा रिपोर्ट वाचून सांगितलं. काउंट म्हणजे शुक्रजंतूंची संख्या, मोटिलिटी म्हणजे त्यांची हालचाल. दोष माझ्यात होता. त्याआधीची सहा वर्षं आम्ही माझ्या बायकोच्या, सुमनच्याच तपासण्या करत होतो.

ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. डॉक्टरांनी व्हिटॅमिन ई आणि झिंकची गोळी तीन महिने दिली; नवे शुक्रजंतू तयार व्हायलाच जवळपास तेवढे दिवस लागतात म्हणाले. “गुण येईलच असं नाही. तंबाखू मात्र आजच बंद. आणि औषध फवारायचं काम सोडा.” आमचा मखमलाबादला गुलाबाचा मळा. पाठीवरचा पंप मीच घ्यायचो.

एरवी मी गावभर मिशीला पीळ देत फिरणारा, पण घरी पोचेपर्यंत पार गळाठलो. आईला सांगून टाकलं, गोळ्या सुमनच्या आहेत.

झालं. आई रोज सकाळी दुधाचा पेला आणि गोळी सुमनच्या हातात देऊन समोर उभी राहायची. सुमन गोळी गालात धरून दूध प्यायची, आईची पाठ वळली की काढून, पुसून पदराला बांधायची आणि मळ्यात माझ्या हातावर ठेवायची. “घ्या माझं औषध,” म्हणून हसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी गिळायचो.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी शेजारच्या काकू आमच्याबरोबर ओट्यावर फुलांच्या जुड्या बांधायला बसल्या होत्या. आई त्यांना म्हणाली, “लय गोळ्या खाल्ल्या हिनं. पर जमीनच खडकाळ, तर बी काय करंल?”

सुमनचा हात जुडीवरच थांबला. ती त्या दिवशी हसली नाही.

मी उठलो, तिच्या पदराची गाठ सोडली आणि गोळी सगळ्यांदेखत तोंडात टाकली. “आई, हे माझं औषध हाय. दोष माझ्यात हाय.”

दुसऱ्या सकाळी आईनं दोन पेले आणले. माझ्यापुढे गोळी ठेवली. सुमनला म्हणाली, “तू नुसतं दूध पी, माय.”

पुढचा रिपोर्ट थोडा सुधारला. गोळीनं की तंबाखू आणि पंप सुटल्यानं, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. दोन वर्षांनी मुलगी झाली.

लोक मला गोळीचं नाव विचारतात. ते डॉक्टरांना विचारा, मी म्हणतो. आधी नवरा-बायको दोघंही तपासून घ्या. मी सहा वर्षं जिला पेशंट म्हणून फिरवलं, ती कधी आजारीच नव्हती.