काट्यावर हरलेली आपली कबड्डी टीम

गाववाल्यांनो, पाटोद्याहून आत्ताच आलोय. अजून विश्वास बसंना!

दिवाळीनंतर ओळीनं स्पर्धा जिंकलेली आपली पंचावन्न किलो गटातली टीम आज सलग दुसऱ्यांदा पहिल्याच फेरीत बाहेर. मी मैदानातच कॅप्टनवर ओरडलो, "कावून हरता बे?"

तो म्हणला, "मागच्या खेपेला दोन गडी वजनात बाद झाले, आज चार. बदली पोरं किती टिकणार? जिंकायला लागल्यापासून रोज एका घरी जेवण हाय. तुमी ताटावरून उठू देता का?"

काल रात्री आमच्याच घरी पुरणपोळ्या होत्या. तो नको म्हणत असताना वरून तूप मीच वाढलं.

खरं सांगा, तुमच्याकडं किती जेवले?