वंदनाताईंच्या पणतीचे वीस सेकंद

आमच्या सातपूरच्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी कुणी फेकत नाही: जुने ट्रान्सफॉर्मर आणि किस्से! माणसं तीनच. मालक कदम सर, सोल्डरिंग करणाऱ्या वंदनाताई आणि मी. कामं इन्व्हर्टरच्या सर्किट-कार्डांची, पण यंदाचे सगळे किस्से एका पणतीपाशी जमा झाले.

झालं असं, की ताईंच्या कॉलनीत भीमजयंतीला नाटक होतं आणि शेवटचा प्रवेश ताईंना मिळाला. विजेच्या पणतीचं बटण दाबायचं, एक लांबलचक वाक्य बोलायचं, ते संपलं की पणती आपोआप पेटणार आणि पडदा! आता चारचौघांत बोलायचं म्हटलं की ताईंना घाम फुटतो. त्यात नामपूरहून त्यांची आई येणार. ती लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलेली, "मनी पोर मुकी शे," म्हणजे माझी पोर मुकी आहे.

"सर, बरोबर वीस सेकंदांनी उजेड पडला पाहिजे," ताईंनी बजावलं. "त्याच्यापुढे मला एक शब्द सुचायचा नाही!"

*

पहिलं सर्किट सरांनी दोन तासांत उभं केलं. बटण दाबलं, विसाव्या सेकंदाला एलईडी लखकन पेटला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

ताईंनी चौकोनी बॅटरीसकट ते सगळं उचललं, पणतीवर धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, यापेक्षा मला कंदीलच द्या!"

*

मग आला घड्याळातला बटण सेल, नखाएवढा कपॅसिटर आणि वेळ कमीजास्त करायला एक बारीक स्क्रू. मावलं सगळं. पण सरांच्या हातात वीस सेकंदांनी लागणारा दिवा टेबलावर ठेवला की मिनिटभर लागायचा नाही! सरांनी सात रेझिस्टर बदलले, सातही कंपन्यांना शिव्या घातल्या.

शेवटी माझं लक्ष गेलं. सर्किट धरताना सरांची बोटं रेझिस्टरच्या दोन्ही पायांवर. थोडा करंट बोटांतून जाणार, कपॅसिटर लवकर भरणार, म्हणून दिवाही लवकर लागणार.

"सर, तुम्ही स्वतःच सर्किटमध्ये आहात!"

"तीस वर्षं असंच चेक करतोय," सर म्हणाले. "आमच्या वेळी पार्ट मजबूत होते."

मी गुपचूप टेबलावर ठेवूनच स्क्रू जुळवला.

*

तालमीत पणती एकदम शहाण्यासारखी वागली. घोटाळा ताईंनी केला. भीतीपोटी अख्खं वाक्य पाच सेकंदांत संपवलं! उरलेले पंधरा सेकंद सगळी कॉलनी पणतीकडे बघत बसली.

मग ताईंनी युक्ती काढली. एक टाका, एक शब्द. आठवडाभर त्या कार्डांना सोल्डर लावत तेच वाक्य म्हणत होत्या. शेवटी जमलं, वीसला वीस! मला तर ते वाक्य अजून झोपेत पाठ आहे.

*

नाटकाच्या दिवशी मी ताईंच्या आईला पहिल्या रांगेत बसवत होतो, तेवढ्यात सरांनी विंगेत पणती उघडली. कशाला? तर शेवटचं चेकिंग! उचलली बोटांत, आणि दिवा सात सेकंदांतच लागला. "बरं झालं बघितलं," असं म्हणत त्यांनी स्क्रू फिरवून वीस सेकंद केले. हातातल्या हातात! मी विंगेत परतलो तोवर पणती स्टेजवर गेली होती.

ताई आल्या. बटण दाबलं. शांतपणे वाक्य पूर्ण केलं.

अंधार.

विंगेत सरांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "आत्ताच शेवटचं चेकिंग केलं," ते पुटपुटले. अजून चाळीस सेकंद तरी! पहिल्या रांगेत आईने पदर तोंडाशी धरलेला.

ताईंनी पणतीकडे पाहिलं, मग आईकडे.

"हिला जरा वेळ लागतोय," त्या म्हणाल्या. "मलाही लागला."

कुणीतरी हसलं. ताई थांबल्या नाहीत. शाळेत उत्तर येत असून हात खाली कसा ठेवायच्या, हातात पहिल्यांदा सोल्डरिंगची गन आली तेव्हा किती रडल्या, सगळं सांगत सुटल्या. आई डोळे पुसत होती आणि खोटं कशाला बोलू, मीही.

आणि पणती पेटली! टाळ्यांचा कडकडाट झाला, पडदेवाल्याने दोरी धरली.

ताईंनी त्याला हात दाखवला.

"अहो, थांबा! माझं अजून बोलून झालं नाही!"