दाखवण्याच्या दिवशी फ्रान्सची राज्यक्रांती

मी तेव्हा अकरावीत होते, म्हणजे जुन्या मॅट्रिकला. चोपड्याच्या आमच्या शाळेत इतिहासाचे सर दर आठवड्याला एक निबंध लिहून घ्यायचे. इतिहास तर होताच, पण सरांचा हात एवढ्यावर थांबायचा नाही. कधी नाईल नदी, कधी ग्रीकांची जुनी नाटकं. जळगावच्या पुढे न गेलेल्या आम्ही पोरी नाईलच्या पुरावर पानंच्या पानं भरायचो, आणि आमच्या नाईलच्या काठी हमखास केळीच्या बागा असायच्या.

फ्रान्सच्या राज्यक्रांतीवरचा निबंध माझा सगळ्यात लाडका. त्यात एक वाक्य मी मनाचं घातलं होतं : 'राजा दुष्ट नव्हता, पण आपल्या माणसांना काय हवं आहे, हे त्याने त्यांना कधी विचारलंच नाही.' सरांनी त्याच्याखाली लाल रेघ ओढून लिहिलं, 'हे पुस्तकात कुठे आहे?' पुस्तकात नव्हतंच. तरी बोर्डाच्या पेपरात हे वाक्य लिहायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं. परीक्षा मार्चमध्ये होती.

आणि थंडीत धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा बी. कॉम., सरकारी कचेरीत नोकरीला, घरची शेती. त्या लोकांना लग्न माघातच हवं होतं. मी चुलीपाशी बसलेल्या आईला म्हटलं, "माय, मन्ही परीक्षा?"

"परीक्षा काय, दरसाल येस," आई म्हणाली. "असं स्थळ दरसाल येत नही."

आबांशी, म्हणजे वडिलांशी, हा विषय काढायची सोय नव्हती. माणूस वाईट नव्हता. बाजारातून माझ्यासाठी आठवणीने शेव आणायचे, माझी फी कधी चुकवली नाही. पण आमच्या घरात आबा सांगायचे आणि बाकीचे ऐकायचे. स्थळ पसंत आहे हेही त्यांनी आईला सांगितलं, मला नाही. मी दोन दिवस भांडी आपटत घरात वावरले, आणि त्याचीही कुणी दखल घेतली नाही.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. मी पाटावर बसले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, उठून जरा चालून दाखव, हे सगळं झालं. मग मामांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. तेव्हा मुलगी बघताना तिचं अक्षर बघायची पद्धत होती. नोकरदार घरांना तर त्याचं भारीच अगत्य.

"काहीही लिही बाई," मामा म्हणाले. "चार ओळी."

मुली अशा वेळी देवाचं नाव लिहितात, नाहीतर आपलं नाव-गाव. माझं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. म्हटलं, चार ओळीच हव्यात ना, मग घ्या. मी राज्यक्रांती लिहायला घेतली. उपाशी लोक राजवाड्यावर चालून गेले. राजाला भर चौकात आणलं आणि त्याचं मुंडकं उडवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि शेवटी माझं ते वाक्य. हे वाचून पाहुणे चपला शोधायला लागतील आणि मी परीक्षेला बसेन, असा माझा साधा हिशेब होता.

कागद आधी मामांकडे गेला. त्यांनी तो हात लांब करून धरला, एक डोळा मिटून पाहिला आणि म्हणाले, "ओळी अगदी सरळ आहेत. म्हणजे मुलगी सरळ आहे." मुलाच्या वडिलांनी माझ्या वेलांट्यांचं कौतुक केलं. मुलाच्या आईला वाचता येत नव्हतं, तिनेही मान डोलावली. मग कागद मुलाकडे गेला. हा तर पदवी घेतलेला माणूस, हा वाचणार. त्याने कागदावरून वर-खाली नजर फिरवली, किंचित हसला आणि म्हणाला, "छान आहे अक्षर."

मी हादरले. एका राजाचं मुंडकं त्या खोलीत हातोहात फिरलं होतं आणि कुणाला ते दिसलंच नव्हतं. आता हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. यांच्या घरात मी जन्मभर काहीही बोलले, लिहिलं, तरी लोक माझ्या वेलांट्याच बघणार, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

"पसंत आहे," मुलाचे वडील म्हणाले. माझ्या आईने सुपारीचं तबक पुढे आणलं. सुपारी फुटली की बोलणं पक्कं. मामांनी कौतुकाने कागद आबांच्या हातात दिला.

आबांची शाळा चौथीपर्यंतची. पण हातात अक्षर आलं की ते वाचून काढल्याशिवाय त्यांना खाली ठेववत नसे, मग ती खताची गोणी असो की भज्यांचा कागद. बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश. आम्ही त्यावरून त्यांची चेष्टा करायचो. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मी हे पाहुण्यांसाठी लिहिलं होतं. आबा वाचतील, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

बोट शेवटच्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं. मामांनी अडकित्ता उचलला होता.

"थांबा जरासं," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांच्या देखत, "बाई, तुन्ही परीक्षा कव्हय शे?"

आईने मागून ढोसलं तेव्हा म्हटलं, "मार्चमा."

"मंग परीक्षा व्हई जाऊ द्या. लगीननं मंग देखसूत," आबा पाहुण्यांना म्हणाले.

मामांनी माघातल्या मुहूर्ताचं सांगून पाहिलं. मुलाचे वडील म्हणाले, मुलीच्या जातीचं परीक्षेवाचून काय अडलं आहे. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि तबक झाकून ठेवलं. पाहुणे चहा न घेताच उठले, आणि आई आत जाऊन रडायला लागली.

आबा ओट्यावर बसून होते. कागद अजून त्यांच्या हातात होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हाई पुस्तकमा शे का?"

"नही आबा. मन्हं शे."

"माले वाटनंच," ते म्हणाले, आणि त्यांनी तांब्या हातात घेतला.