दोनदा वाचलेला नंबर

आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई आणि मी, दोघींनी अकरा वर्षं एकाच छपराखाली काम केलं. शाळा नवापूर तालुक्यात, विसरवाडीच्या रस्त्यापासून आत एका पाड्यावर. चुलीचा धूर वर्गात शिरला की मी शिकवता शिकवता खिडकीतून ओरडायचे आणि ती पदरानं डोळे पुसत हसायची. तिचा नवरा मला सुरुवातीला फक्त लाकडं फोडताना दिसायचा. उंच, काटक, कमी बोलणारा. उकाई धरणाच्या फुगवट्यात जाळं टाकून मासे धरायचा. तिथलं पाणी पोहून पार करणारा माणूस म्हणून आजूबाजूच्या पाड्यांवर त्याचं नाव होतं, आणि त्यामुळेच मुकादमाची नजर त्याच्यावर पडली.

या मुकादमाला मी पाड्यावरच्या लोकांच्या आधीपासून ओळखत होते. माझं माहेर म्हसावदच्या बाजूला. आम्ही गुजर, घरी केळी आणि ऊस. शेती भाऊ बघतो आणि ऊसतोडीची टोळी दरवर्षी हाच मुकादम आणून देतो. आमच्या ओसरीवर बसून त्यानं कितीदा तरी चहा घेतलेला. उसाला लागतात तशी त्याला बोटींसाठीही माणसं लागत. सौराष्ट्रातल्या एका बंदरावर मालकांच्या मोठ्या मच्छीमार बोटी होत्या, त्यांच्यावर खलाशी म्हणून तो आमच्याकडची माणसं पाठवायचा.

तो एक छापील कागद घेऊन शाळेत आला तेव्हा मधली सुट्टी चालू होती. कागद गुजरातीत. नवापुरात राहून मला गुजराती वाचता येतं हे सगळ्यांना माहीत होतं. खिचडीवाल्या बाईचा नवरा आणि आणखी चार जण व्हरांड्यात उकिडवे बसले.

मुकादम म्हणाला, "बाई वाची दाखाडतीन. बाईवर तर इश्वास शे ना तुमना?"

मी वाचलं. काम आठ महिने, जेवण बोटीवर, दुखलंखुपलं तर मालक बघणार. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हंगाम संपेपर्यंत बोट सोडता येणार नाही आणि ओळखपत्र मालकापाशी राहील. ते वाक्यही मी वाचलं, पण भरभर, समजावून न सांगता. घंटा वाजायची वेळ झाली होती. शिवाय मुकादम समोर बसला होता आणि तो आमच्या घरचा माणूस होता. पाचही जणांनी अंगठे दिले.

पहिल्या हंगामानंतर खिचडीवाल्या बाईचा नवरा परत आला तेव्हा त्याच्या पाठीवर आडवे वळ होते. मला ते त्याच्या बायकोनं दाखवले, त्यानं नाही. त्याचा सदरा उचलून ती एवढंच म्हणाली, "बघा बाई." तो अवघडून उभा राहिला. घरी ते मावची बोलत. माझ्याशी तो बाजारात शिकलेल्या अहिराणीत बोलायचा, तेही तुकड्यातुकड्यानं. बोटीचा प्रमुख, ज्याला ते तांडेल म्हणत, तो दोरानं मारतो. दुसरी बोट समुद्रातच येते, डिझेल आणि बर्फ देते, मासळी घेऊन जाते. मग आपली बोट किनाऱ्याला लागतच नाही. महिना-महिना जमीन दिसत नाही. जाळं ओढताना झोप लागली तर अंगावर खारं पाणी टाकतात.

मी विचारलं, "मग पुन्हा जाऊ नकोस की."

"मन्हं आधार कार्ड मालककडे शे, बाई. मुकादम म्हणस, ये आन् लई जाय."

त्याच्यासोबत बंदरावर जाऊन कार्ड मागावं असं मला वाटायला हवं होतं. निदान भावाच्या ओसरीवर मुकादम आला तेव्हा चार शब्द बोलायला हवे होते. मी म्हणाले, "बघ, एवढा एक हंगाम काढ. कार्ड घे आणि ये." सल्ला दिल्याचं समाधान घेऊन मी वर्गात गेले. नारळी पौर्णिमेनंतर तो गेला.

संक्रांत होऊन गेली होती. पोरं पंगतीत बसली होती, बाई वाढत होती, आणि माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"बाई, मी बोली ऱ्हायनू." आवाज दबका होता, मागे इंजिनाचा धडधडाट. "माले आठून काढा. किनारा जवळ शे, दिखी ऱ्हायना, पन उतरू देत नहीत. काल एकले बर्फना खोलीमा कोंडं. त्याना हातपाय निळा पडी ग्यात."

"तू कोणाच्या फोनवरून बोलतोयस?"

"हाऊ डांगना शे, मन्हासंगे काम करस. त्यानी लपाडेल शे फोन. बाई, पोलिसले सांगा. कोन्हले बी सांगा. पन मुकादमले..."

एवढ्यावर फोन तुटला. मी परत लावला तर बंद लागला.

त्या वाक्याचा शेवट काय होता हे मला तेव्हाच कळलं होतं. 'मुकादमले सांगा' असं म्हणायचं असेल तर आधी 'पन' कशाला येईल? तरी मी मनाशी म्हटलं, वाक्य अर्धं आहे, कसंही पुरं होऊ शकतं. पंगतीत वाढणाऱ्या त्याच्या बायकोला मी काही सांगितलं नाही. उगाच घाबरेल, असं स्वतःला सांगितलं.

पोलिसात जायचं तर कुठल्या? इथल्या की तिथल्या? ते बोटीचं नाव विचारतील, ते मला माहीत नव्हतं. साक्ष, हेलपाटे, वरिष्ठांची परवानगी, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि त्याच आठवड्यात भावाचे तीन फोन येऊन गेले होते. ऊस उभा होता, वाळत होता, टोळी अजून आली नव्हती आणि मुकादम त्याचा फोन उचलत नव्हता. तू बोल, तुझं ऐकेल, असं भाऊ म्हणत होता.

शाळा सुटल्यावर मी मुकादमाला फोन लावला. माझा त्यानं उचलला. आधी मी या माणसाचं बोलले, मग उसाचं. क्रम तोच होता, एवढं मात्र खरं.

मुकादम हसला. "अरे बाई, दर साल कोनी ना कोनी रडस. मी बोलस त्यानाशी, समजाडस. कोनता नंबरवरून ऊना व्हता फोन?"

मी नंबर वाचून दाखवला. त्याला नीट ऐकू आला नाही म्हणून पुन्हा वाचला, एकेक आकडा सुटा करून, वर्गात पाढे सांगते तशा स्वच्छ आवाजात.

"आन् तुमनी टोळी परवा पोचाडस," तो म्हणाला.

टोळी परवा पोचली. भाऊ खूश झाला.

त्यानंतर पाड्यावर कुणालाच फोन आला नाही. खिचडीवाली बाई अधूनमधून विचारायची, "बाई, तुमले काही कळनं का?" मी म्हणायचे, "समुद्रात रेंज नसते. येईल." होळी गेली. त्या सणाला बाहेर कामाला गेलेली माणसं घरी परतली. तो आला नाही. मग परीक्षा, मग सुट्टी, आणि मी माहेरी गेले.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी तो व्हरांड्यात बसलेला होता. आधी मी त्याला ओळखलंच नाही. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलणाऱ्याकडे तो उजवा खांदा पुढे करून बघायचा. पोरं वर्गात गेल्यावर तो उठून माझ्या टेबलापाशी आला.

"बाई, तो नंबर तुम्ही दिधा व्हता ना?"

मी हजेरीपुस्तक मिटलं.

"तांडेलनी कागदवर लिखेल व्हता. मन्हा डोयासमोर वाचा, आन् ज्याना फोन व्हता त्याले उभा कया."

पुढचं त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. डांगच्या त्या माणसाचा फोन तांदळाच्या गोणीत सापडला. तो समुद्रात फेकला. त्याला मारलं. हा सोडवायला मधे गेला तेव्हा लोखंडी कडीचा फटका याच्या कानावर बसला. डांगच्या माणसाला दिवसभर उन्हात डोलकाठीला बांधून ठेवलं, पाणीही दिलं नाही, आणि संध्याकाळी सोडलं. सकाळी तो बोटीवर नव्हता. तांडेल म्हणाला, पाय घसरला. त्यानं उडी मारली की त्याला ढकललं, ते यानं पाहिलेलं नव्हतं.

"शोधलं नाही?" मी विचारलं.

"बोट वळनीच नही, बाई. जाळं पाणीमा व्हतं."

मग तो म्हणाला, "मी सांगी ऱ्हायंतू, मुकादमले नका सांगू. तुमले ऐकू नही ऊनं का?"

ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "वाक्य तुटलं होतं. पण मला समजलं होतं."

दाराशी त्याची बायको उभी होती. तिनं सगळं ऐकलं. नियमाप्रमाणे पोरांच्या आधी एका शिक्षकानं खिचडी चाखायची असते. इतकी वर्षं ती ताटली घेऊन यायची आणि मीठ बरोबर आहे म्हणेपर्यंत उभी राहायची. त्या दिवशी तिनं ताटली टेबलावर ठेवली आणि माझं तोंड न बघता निघून गेली. पुढे कित्येक महिने तसंच चाललं. मला ती कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

भावाला मी सगळं सांगितलं. या मुकादमाची टोळी आता घेऊ नकोस, म्हटलं. तो म्हणाला, "आणि ऊस कोण तोडेल, ताई? तू?" त्याच्यावर रागवायचा मला हक्क नव्हता. सहा महिन्यांपूर्वी मीही तेच म्हटलं होतं, फक्त मनात.

खिचडीवाल्या बाईचा नवरा आणि मी तक्रार द्यायला गेलो. पहिल्या ठाण्यात सांगितलं की समुद्रात घडलंय, आमच्या हद्दीत येत नाही. दुसरीकडे विचारलं की मेलेल्याचे तुम्ही कोण? त्याच्या घरच्यांना आणा. मेलेल्याचे आम्ही कोण, याचं उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते अर्जाच्या कुठल्या रकान्यात बसत नव्हतं.

म्हणून पावसाळा सरता सरता आम्ही गुजरातेत डांगला, त्याच्या घरी गेलो. नवापूरहून एक बस, मग जीप, मग चिखलातून पायी. कुडाचं घर, मागे नागलीचं शेत. आई-बाप दोघंच. मुलगा पाण्यात पडून गेला एवढाच निरोप त्यांना बंदरावरून मिळाला होता. शाळेच्या बाई एवढ्या लांबून आल्या म्हणून आईनं घोंगडी झटकून अंथरली आणि कोरा चहा केला. त्या आदरानं मला बसवेना. माझ्यासोबतच्यानं त्यांना बोटीवर काय घडलं ते सांगितलं. तुमच्या मुलानं मला स्वतःचा फोन दिला, हेही त्यानं सांगितलं. नंबर कुणी सांगितला ते मात्र त्यानं गाळलं.

तेव्हा मी बोलले. गुजरातीत, त्यांना नीट कळेल असं. तुमच्या मुलाचा नंबर मी मुकादमाला वाचून दाखवला.

आई चुलीकडे बघत राहिली. म्हातारा माझ्याकडे बघत होता. त्यानं विचारलं, "कशाला?"

मी सांगितलं, भावाचा ऊस उभा होता. त्या घरात ते वाक्य फार लहान वाटलं. माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं.

त्यानं कोपऱ्यातलं खुरपं उचललं. मग शांतपणे म्हणाला, "अर्ज करायला आलात ना? कागदात हेही लिहा." आणि बायकोला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगून शेताकडे निघून गेला. मी चहा संपवला. न संपवता उठणं आणखी वाईट दिसलं असतं.

परतीच्या बसमध्ये मी सोबतच्याला विचारलं, "सांगितलं ते बरोबर केलं ना मी?"

त्यानं उजवा कान माझ्याकडे केला. मी पुन्हा विचारलं.

"तुमले हलकं वाटनं व्हई, बाई," तो म्हणाला. "आते तो म्हतारा रोज तोच इचार करी. आधी त्याले वाटे, समुद्रनी लिधं."



अर्ज मी लिहिला. पुन्हा डांगला जाऊन घेतलेला म्हाताऱ्याचा अंगठा, खलाशाचा जबाब, माझा जबाब. कचेरीत तो नोंदवून घेणारा माणूस माझ्या वाक्यापाशी अडखळला. "बाई, हे कशाला? तुम्हीच अडचणीत याल. नोकरी आहे तुमची."

"राहू द्या," मी म्हटलं. मला धीर आला होता असं नाही. म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, एवढंच.

आज दीड वर्ष झालं. तांडेलाला एकदा बोलावलं होतं म्हणतात, पुढे काय झालं कळलं नाही. प्रेत मिळालं नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून डांगचा तो माणूस रेशन कार्डावर अजून जिवंत आहे. दिवाळीनंतर मुकादम आमच्या पाड्यावर फिरकला नाही. पलीकडच्या पाड्यांवरून त्यानं माणसं नेली. मलाही कुणी अडचणीत आणलं नाही. कुणी साधं विचारायलासुद्धा आलं नाही.

खिचडीवाल्या बाईचा नवरा आता विसरवाडीच्या रस्त्यावर एका गॅरेजात ट्रकची टायरं बदलतो. फुगवट्यावर जात नाही. प्रकरणाची चौकशी करायला महिन्यातून एकदा आम्हाला कचेरीत जावं लागतं. मी रजा टाकते, तो खाडा करतो. बस आली की तो आधी मला चढू देतो, जागा धरून देतो आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसतो.