रामजीच्या नावाची पाटी

लवू पेंटरच्या हाताला गिरणगावात मान होता. भोईवाड्यात कुस्त्या असल्या की डिलाईल रोडपासून भायखळ्यापर्यंत पाट्या त्याच्याच. पण सत्तावन्न साली कुस्त्यांकडे कुणी फिरकेना. सगळी गर्दी संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना. कुस्त्या भरवणारे माधवराव रडकुंडीला आले, तेव्हा लवूनेच अक्कल पाजळली.

"माणसांना आज भांडण हवंय," तो म्हणाला. "आपण भांडणच विकू."

आणि त्याने पाटी रंगवली: ‘मुंबई कुणाची? हौदा ठरवील! मराठा वाघ जयवंत विरुद्ध गुजरातचा रामजी.’

आता हा रामजी गुजरातचा कसला? घरची बोली गुजराती, पण जन्मला भोईवाड्यात, लवूच्याच चाळीत. वाढला लवूच्या आईच्या हातची सोलकढी पिऊन. नाक्यावर स्वतःचं नाव पाहून तो आधी हरखला, मग ‘गुजरातचा’ या शब्दावर बोट ठेवून उभा राहिला. लवूने त्याला समजावलं, की हा धंदा आहे, मनावर घ्यायचं नसतं. त्यावर रामजीने एवढंच मागितलं, की कुस्ती झाली की पाटी मला दे, बाला, म्हणजे आईला, दाखवायचीय.

तिकिटं दोन दिवसांत संपली. लवू चाळीत छाती काढून फिरला.

कुस्तीच्या दिवशी हौद्याभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. रामजीने जयवंतला खाली घेतलं मात्र, आईवरून शिव्या सुरू झाल्या. मग चपला, मग दगड. लोकांचं तरी काय चुकलं? लवूने ज्या कामाला बोलावलं, तेच ते करत होते. रामजीच्या कपाळातून रक्त आलं. त्याने जयवंतचा हात सोडला आणि आपणहून पाठ मातीला टेकली. लवू पहिल्या रांगेत होता. तो जागचा हललासुद्धा नाही. त्याची लाज त्याला जन्मभर पुरली.

दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा घेऊन तो पाटी पुसायला गेला, तर पाटी जागेवर नाही. ती निघाली रामजीच्या खोलीत, भिंतीला टेकलेली. रामजीच्या आईने, बाने, तिला कुंकू लावलं होतं. बाला अक्षरओळख नव्हती. पोरगा हौद्यात घसरला म्हणून कपाळाला पट्टी, असं तिला सांगितलं होतं.

"लवू, तू लिहिलंस ना? वाचून दाखव, भाई," ती कौतुकाने म्हणाली.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं लवूला झालं. "भोईवाड्याचा पैलवान रामजी," तो कसाबसा म्हणाला.

"एवढंच? ओळी तर तीन आहेत."

लवूने रंगाचा डबा खाली ठेवला. खाटेवरून रामजीच म्हणाला, "एवढंच आहे, बा. त्याचं अक्षर मोठं आहे."