तगरीचं कुंपण आणि शेवग्याच्या काठ्या

वटार गावातल्या आमच्या वाडीचे दोन वाटे झाले, तरी मधे आडोसा असा काही नव्हता. पलीकडे माझा चुलतभाऊ राहतो, आमचा दादा. मे महिन्यात त्याने जाहीर केलं, "हद्द दिसली पाहिजे. मी चिऱ्याची भिंत घालतोय."

भिंत झाली तर काकूला, म्हणजे दादाच्या आईला, संध्याकाळी माझ्या ओटीवर यायला रस्त्याने वळसा. तिचे गुडघे वळसे घालणाऱ्यांतले नाहीत. आणि ती नसेल तर माझ्या घरात माझ्या बाजूने बोलणारं कुणी उरत नाही.

मी म्हटलं, "भिंत कशाला? तगरीचं कुंपण करतो. कापून-बिपून चौकोनी नाही, मोकळं. मधे काकूपुरती वाट."

"दसऱ्यापर्यंत काही उभं दिसलं तर ठीक. नाहीतर गवंडी येणार."

मी जन्मभर ऑफिसात खुर्चीला टेकून बसलेला माणूस. त्यामुळे टेकू या विषयात मला गती आहे, असा माझा समज होता. जूनमध्ये रोपं लावली आणि प्रत्येकाला मनगटाएवढी काठी दिली. परसातला शेवगा नुकताच छाटला होता, त्याच्याच फांद्या. वर सुतळीचे तीन-तीन वेढे, करकचून.

काकू बघायला आली. "रोपं लावलीस का चोर धरलेस? वाऱ्यावर डुलू दे की जरा. त्याशिवाय बुंध्यात जोर येईल कसा?"

"काकू, याचं शास्त्र असतं."

"कुणाचं?"

श्रावणात कुंपण हिरवंगार झालं. मी ऐटीत बायकोला बोलावलं. तिने एक पान चुरगाळून हुंगलं. "अहो, पालवी काठ्यांना फुटलीय. तगर आहे तिथेच आहे."

ओली शेवग्याची फांदी पावसात रोवली की तिचं झाड होतं, हे विसरणारा आमच्या वाडीवाल्या घराण्यातला मी पहिलाच. उपटायला गेलो, पण हात थांबला. काठ्या काढल्या तर दसऱ्याला उभं काय दिसणार? गुडघाभर तगर?

दसऱ्याला दादा गवंड्याला घेऊनच आला. शेवगा त्याच्या डोक्याच्या वर गेलेला.

"हे काय?"

"मिश्र कुंपण," मी म्हटलं. "मुद्दाम."

बायको तेवढ्यात हसू दाबत आत निघून गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

काकू मात्र कोवळा पाला ओरबाडून पदरात भरत होती. "हा मुद्दाम काही करत नाही," ती दादाला म्हणाली, "पण पाला बघ कसा आहे. तुझ्या भिंतीची भाजी होणार का?"

शेवग्याच्या पाल्याची भाजी म्हणजे दादाचा जीव की प्राण. त्याने गवंड्याकडे पाहिलं, मग पदराकडे.

"शेंगा आल्या की माझ्या बाजूच्या माझ्या," तो म्हणाला आणि गवंड्याला घेऊन निघाला.

काकू पाला निवडायला माझ्या ओटीवर बसली. मी तगरीला पाणी घालायच्या निमित्ताने पाठ फिरवली. ते दोघं दिसेनासे होईपर्यंत हसायचं नव्हतं.